व्हिपल ऑपरेशन: 'आमच्याकडे सगळं ठरलेलं असतं' म्हणणारे सर्जन बरे की वाईट?

उंबरा_७१
ताईच्या स्वादुपिंडात, डोक्याच्या बाजूला गाठ निघाली आहे. काढता येईल म्हणतात, व्हिपल करावं लागेल. दोन सर्जनना भेटलो. पहिले नावाजलेले. म्हणाले, "प्रत्येक पेशंट वेगळा, पोट उघडल्यावर बघू." दुसऱ्यांनी चार पानी छापील कागद हातात दिला. कोणत्या दिवशी कोणती तपासणी, नळी कधी काढायची, सगळं त्यात. भाऊजी वैतागले, "माणूस आहे की वॉशिंग मशीन?" मला उलट कागद वाचून धीर आला. पण धीर येणं हा काही निकष नव्हे. जाणकारांनी सांगा.

रात्रपाळी
सर्जिकल वॉर्डात नर्स आहे, अकरा वर्षं झाली. सगळे नातेवाईक ऑपरेशन किती तासांचं ते विचारतात. मला भीती वाटते ती त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांची. व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय काढून उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडतात. त्यातला स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात हट्टी. तो गळला की पाचकरस पोटात सांडतो आणि शेजारच्या रक्तवाहिनीची भिंतसुद्धा पोखरतो.

आधीच्या नोकरीत एक आजोबा होते. सहाव्या दिवशी पोटातला स्राव बाहेर काढणाऱ्या नळीतलं पाणी पिवळसरवरून गढूळ तपकिरी झालं. त्यांच्या मुलीने मला दोनदा पिशवी दाखवली. मी रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला सांगितलं, तो म्हणाला बघू. दुसरा म्हणाला सकाळी सरांना विचारू. सीटी झाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. रात्री रक्तस्राव झाला, आजोबा गेले. निष्काळजी कोणीच नव्हतं हो. काय दिसलं की काय करायचं, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

आता आमच्याकडे तिसऱ्या दिवसापासून रोजचा तक्ता असतो. ताप, पांढऱ्या पेशी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), नळीतल्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाचं एक एन्झाइम). आकडा ठरलेल्या रेषेपुढे गेला की सीटी त्याच दिवशी, परवानगीसाठी कुणाला उठवावं लागत नाही. साठलेलं पाणी दिसलं तर रेडिओलॉजिस्ट कातडीतूनच नळी घालतात, सहसा पुन्हा पोट उघडावं लागत नाही.

नेदरलँड्समध्ये १७ हॉस्पिटलांनी पाळीपाळीने हीच पद्धत लागू करून पाहिली. १७४८ पेशंट, निकाल २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही झालेले पेशंट १४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. ९० दिवसांतले मृत्यू ५ वरून ३ टक्क्यांवर. ऑपरेशन तेच, बदलली ती नंतरची राखण. भाऊजींना सांगा, तक्ता माणसासाठीच असतो.

टाके_आणि_गाठी
पहिल्या सर्जनांवर जरा अन्याय होतोय. यकृतावरचे बारीक ठिपके कधीकधी पोट उघडल्यावरच दिसतात. मात्र गाठ शिरेला किती चिकटली आहे, याचा बराचसा अंदाज स्वादुपिंडासाठी खास केलेल्या सीटीत आधी येतो. साध्या सीटीवर भागवलं असेल तर विचारा. आणि कागद कितीही देखणा असो, वर्षाला किती व्हिपल होतात ते विचाराच. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात, वर्षाला एकापेक्षा कमी स्वादुपिंड-शस्त्रक्रिया करणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्युदर १६.३ टक्के होता, सोळाहून जास्त करणाऱ्यांत ३.८. डच लोकांनी तर २०११ मध्ये वर्षाला किमान २० ची अटच घातली.

तिसरं_वर्ष
मी स्वतः पेशंट. माझाही कागद होता, पण तो डिस्चार्जच्या दिवशी संपला. घरी आल्यावर दोन महिने तेलकट, तरंगणारे जुलाब आणि नऊ किलो वजन गायब. नंतर कळलं, पचनासाठी दिलेल्या एन्झाइमच्या कॅप्सूल जेवण झाल्यावर घेत होतो. त्या पहिल्या घासाबरोबर सुरू करायच्या असतात. हे कागदात आहे का, बघा.

उंबरा_७१
सगळ्यांचे आभार. पहिल्या डॉक्टरांना फोन केला. वर्षाला तीस-पस्तीस, हे त्यांनी लगेच सांगितलं. रात्री दोनला सीटी आणि नळी घालणारा माणूस मिळेल का विचारल्यावर म्हणाले, "चौकशी करून कळवतो." दोन दिवस झाले. दुसऱ्या हॉस्पिटलला तेच विचारायला फोन उचलला तर भाऊजी म्हणाले, थांब. उत्तर कागदाच्या तिसऱ्या पानावर होतं, आणि ते त्यांनी पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवलं होतं. कॅप्सूलचं मात्र त्यात कुठेच नाही, ते सोमवारी विचारतो.