मदत हवी आहे: व्हिटॅमिन सी ५०० की १०००? आजच सांगा

गल्लीतला_पोरगा (टिळकवाडी, बेळगाव)
रोज घ्यायला व्हिटॅमिन सी हवंय. मेडिकलात तीन तऱ्हा दाखवल्या: चघळायची ५००, गिळायची ५०० आणि पाण्यात फसफसणारी १०००. कुठली घेऊ? वाचून वाचून डोकं फिरलंय, लिंका टाकू नका. दुकान नऊला बंद होतं.

निपाणीकर
१००० कशाला गा? आयसीएमआरचा (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा) २०२० चा आकडा बघ: पुरुषाला दिवसाला ८० मिग्रॅ, बाईला ६५. २०० मिग्रॅपर्यंत आतडं जवळजवळ सगळं शोषतं, एका दमात १००० च्या वर गेलं की निम्मंसुद्धा नाही. उरलेलं मोरीत. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला ३५ मिग्रॅ जास्त लागतं, पण तेही एका पेरूत भागतं.

शहापूरचा_फार्मासिस्ट
थांबा. कुणासाठी? वय? मुतखडा झालेला का? बीपी? बाकी गोळ्या कुठल्या? हे कळल्याशिवाय कुठली म्हणून सांगू?

गल्लीतला_पोरगा
साधा प्रश्न आहे हो. व्हिटॅमिनच तर आहे.

शहापूरचा_फार्मासिस्ट
साधा नाही. शरीरात सी चं काही अंशी ऑक्झलेट होतं, बरेच मुतखडे त्याचेच. रोज १००० घेणाऱ्या पुरुषांत मुतखड्याचं प्रमाण जास्त दिसलंय. फसफसणाऱ्या गोळीत खायचा सोडा असतो, म्हणजे सोडियम. बीपीवाल्याने लेबल वाचल्याशिवाय घेऊ नये. लिमसी कंपनी-नावाच्या चघळायच्या ५०० च्या गोळीत १०० मिग्रॅ ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे सी च) आणि ४५० मिग्रॅ सोडियम ॲस्कॉर्बेट (सी चाच क्षार) असतं, त्यामुळे ती कमी आंबट. तरी दाताला चिकटून राहते, चघळून झाली की चूळ भरायची. २००० च्या वर गेलात तर जुलाब होऊ शकतात.

खानापूरचा_आवळा
गोळ्या हव्यातच कशाला? थंडीत बाजारात आवळे येतात, कानडीत नेल्लीकाई म्हणून मागा. दोन आवळे किसून मीठ लावून खा, विषय संपला. मोरावळा तर वर्षभर टिकतो.

निपाणीकर
मोरावळ्यात उरते ती साखर. सी उष्णतेने आणि हवेने जातं. उकडून उन्हात वाळवलेल्या आवळा सुपारीचंही तेच. कच्चा खाल्लात तर तुमचं बरोबर.

खानापूरचा_आवळा
आवळ्यातलं सी शिजवूनही इतरांपेक्षा जास्त टिकतं. वाचून बोला.

निपाणीकर
जास्त टिकतं म्हणजे सगळं टिकतं असं नव्हे.

कुंदा_प्रेमी
सी चा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, चेहऱ्यावरच्या काळ्या डागांना सी चं सीरम १० टक्के घ्यावं की २०?

निपाणीकर
ताई, वेगळा धागा काढा.

गल्लीतला_पोरगा
आईसाठी हवंय. ५८ वर्षं. मुतखडा, बीपी नाही. शुगर आहे. आता तरी सांगा.

शहापूरचा_फार्मासिस्ट
शुगर आहे हे पहिल्या ओळीत हवं होतं! चघळायच्या बहुतेक गोळ्यांत साखर असते. शिवाय सी चा डोस मोठा असेल तर लघवीतली साखर तपासायच्या पट्टीवर साखर असूनही नाही असं येऊ शकतं. शिरेतून मोठा डोस दिला असेल तर काही ग्लुकोमीटर खरी असते त्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. त्यामुळे घ्यायचीच तर गिळायची, तीही छोट्या डोसची. पण का घ्यायचीय?

गल्लीतला_पोरगा
रक्त कमी आहे, हिमोग्लोबिन ९. लोहाची गोळी चालू आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या सी सोबत घेतलं की रक्त भराभर वाढतं.

शहापूरचा_फार्मासिस्ट
लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटामागे नाव काय लिहिलंय?

गल्लीतला_पोरगा
फेरस ॲस्कॉर्बेट, फॉलिक ॲसिड.

शहापूरचा_फार्मासिस्ट
ॲस्कॉर्बेट म्हणजे सी च की ओ. गोळीतच आहे ते.

निपाणीकर
आणि वेगळी सी दिली तरी फारसा फरक पडत नाही. शांघायच्या एका रुग्णालयात लोहाच्या कमतरतेच्या ४४० जणांवर चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये छापून आला. निम्म्यांना नुसतं लोह, निम्म्यांना लोहासोबत दर आठ तासांनी २०० मिग्रॅ सी. दोन्हीकडे हिमोग्लोबिन जवळपास सारखंच वाढलं.

खानापूरचा_आवळा
मग जेवताना लिंबू पिळा असं सगळे उगाच सांगतात होय?

निपाणीकर
ते पालेभाजी-कडधान्यातल्या लोहासाठी. तिथे लिंबू उपयोगी पडतंच.

शहापूरचा_फार्मासिस्ट
आई गोळ्या घेतात कधी?

गल्लीतला_पोरगा
सकाळी चहाबरोबर सगळ्या एकदम. लोहाची, कॅल्शियमची, शुगरची.

शहापूरचा_फार्मासिस्ट
इथंच अडतंय. चहातलं टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि कॅल्शियम त्याची वाट अडवतं. लोहाची गोळी जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी, साध्या पाण्याबरोबर. चहा त्याच्या आधी-नंतर दोन-दोन तास नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. लोहाने मळमळ झाली तर थोडं खाऊन घ्या. शौच काळसर होते, घाबरू नका. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर बी १२ तपासून घ्या, वर्षानुवर्षं घेतल्यावर ते कमी होतं. आणि या वयात हिमोग्लोबिन ९ म्हणजे कुठून रक्त जातंय का, हे डॉक्टरांनी शोधायला हवं. ते सी ने होणार नाही.

खानापूरचा_आवळा
गोळी घेतलीच तर पांढरीची तपकिरी पडली की टाकून द्या. आपल्या पावसात फसफसणारीची नळी उघडी राहिली की गोळ्या ओल धरतात. झाकणातली ओल शोषणारी पूड काढून टाकू नका.

गल्लीतला_पोरगा
चहा ती सोडणार नाही. आणि दुकान बंद झालं.

शहापूरचा_फार्मासिस्ट
सोडू नका म्हणा. दोन तास उशिरा घ्या म्हणा.

कुंदा_प्रेमी
सीरमचं कुणी सांगणार आहे का नाही?