विषय: रंकाळा ते राजाराम तलाव, रस्त्याकडेचा सायकल मार्ग

प्रेषक: राजारामपुरी, सध्या सेंट पॉल (मिनेसोटा, अमेरिका)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या बैठकीत उठता उठता जो विषय निघाला, तो इथं नीट मांडतो. आपल्या मंडळातल्या कोल्हापूरकरांनी मिळून गावासाठी एखादं काम हाती घ्यावं, असं बोलणं झालं होतं. माझी सूचना सायकल मार्गाची आहे.

नकाशा उघडून बघा. पश्चिमेला रंकाळा आणि त्याच्या काठचं पद्माराजे उद्यान, दक्षिणेला कळंबा तलाव, तिथून पूर्वेकडं वळलं की शेंडा पार्क, मग शिवाजी विद्यापीठ आणि त्याला लागून राजाराम तलाव. शहराभोवती अर्धं कडंच झालंय. प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर फिरायला जागा आहे, पण एकाकडून दुसरीकडं सायकलनं जायचं तर उसाच्या ट्रॉल्या आणि वडाप (प्रवासी भरून नेणाऱ्या जीपगाड्या) यांच्या मधून वाट काढावी लागते. इथं आपण तळ्यांभोवती मुलांना बिनधास्त सोडतो. कोल्हापुरात तसं का होऊ नये?

ताई, असे मार्ग आखणं हे तुमचं कामच आहे. पहिल्यांदा तुम्ही लिहा.

---

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या मिनिआपोलिस

नमस्कार,

विषय काढलास ते फार बरं केलंस. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

इथं तळी आणि बागा जोडणारं जे कडं आहे, त्याबद्दल आधी. मिनिआपोलिसचं उद्यान मंडळ 1883 साली स्थापन झालं, आणि त्याच वर्षी उद्यानरचनाकार होरेस क्लीव्हलँड यांनी तळी, नदीकाठ आणि बागा जोडणाऱ्या रुंद हिरव्या रस्त्यांची योजना मांडली. शहर वाढायच्या आत जमीन घ्या, नंतर परवडणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. आज ते कडं सुमारे 50 मैलांचं आहे. पण पूर्वेच्या बाजूला त्याचा एक तुकडा अजून जोडलेला नाही. तिथं वेळेत जमीन धरली नाही, कारखाने आणि रेल्वेचे रूळ बसले, आणि शंभर वर्षं झाली तरी तो दुवा जुळतोच आहे. फुलेवाडी रिंग रोड आणि कळंब्याच्या बाजूला आज जी गुंठेवारी आणि अपार्टमेंटं उठताहेत, ती पाहिली की मला तोच तुकडा आठवतो. म्हणून पहिली गोष्ट: मार्ग कधीही होवो, त्याची रेघ शहराच्या विकास आराखड्यात आताच पडली पाहिजे. 1966 च्या नगररचना कायद्यात आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना घ्यायची सोय आहे. ती वेळ साधायची तर आपला कागद आधी तयार हवा.

आता मुख्य मुद्दा. रस्त्याकडेचा सायकल मार्ग सरळ पट्ट्यावर बिघडत नाही. तो बिघडतो गल्लीच्या तोंडाशी. सगळे जण रुंदी, रंग, दिवे यांवर बोलतात, पण जीव जातो तो मार्गाला गल्ली, पेट्रोल पंप किंवा सोसायटीचं फाटक छेदतं तिथं. भारतात गाड्या डावीकडून चालतात. गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडं वळणारा माणूस फक्त उजवीकडं बघतो, कारण गाड्या तिकडून येतात. मार्ग दुहेरी, म्हणजे एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांच्या सायकली असा असला, तर त्याच्या डावीकडूनही सायकल येत असते, आणि तिकडं त्याची नजरच जात नाही. इथं अमेरिकेत बाजू उलट आहे, पण अपघात तोच. माझ्या कार्यालयात रस्त्याकडेच्या मार्गाचा नकाशा आला की आम्ही पहिल्यांदा छेद मोजतो, लांबी नंतर.

यावरून कोल्हापूरसाठी काय निघतं ते सांगते. मार्ग कुठल्या बाजूनं न्यायचा, हाच खरा निर्णय. जिथं एका बाजूला पाणी किंवा लांबलचक कुंपण आहे, तिथं त्या बाजूनं न्या, कारण तिथून गल्ल्या फुटतच नाहीत. रंकाळ्याचा काठ तसा आहे. विद्यापीठाचा परिसर 853 एकरांचा आहे, त्याच्या कुंपणाकडेनं गेलं तर मोजकी फाटकं सोडली तर कुणी आडवं येत नाही. शेंडा पार्कातही मोठी जमीन सरकारी आहे. अशा पट्ट्यांवर दुहेरी मार्ग चालेल. आमच्या नियमावलीत दुहेरी मार्गाला किमान 10 फूट रुंदी आणि रस्त्यापासून 5 फुटांचा मोकळा पट्टा सांगितलाय. तेवढा पट्टा नसेल तर मध्ये कठडा लागतो.

पण नवीन वाशी नाका, आपटेनगर ते कळंबा या भागात दर थोड्या अंतरावर गल्ली आहे. तिथं दुहेरी मार्गाचा हट्ट नको. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, वाहतुकीच्याच दिशेनं, एकेरी मार्ग ठेवा. आणि गल्लीच्या तोंडाशी मार्ग खाली उतरवू नका. मार्ग त्याच उंचीवर सरळ पुढं गेला पाहिजे, चढ-उतार गाडीला पडला पाहिजे. नेदरलँड्समध्ये असंच करतात. गाडीवाला चढावर आपोआप वेग कमी करतो, तिथं पोलीस उभा करावा लागत नाही. शिवाय गल्लीचा कोपरा गोलाईनं फार कापू नये. कोपरा जितका रुंद, तितकी गाडी जोरात वळते.

बारीक गोष्टी, ज्यांच्यावर सगळे मार्ग मोडतात: गटाराच्या जाळीच्या फटी चाकाला आडव्या हव्यात, नाहीतर पातळ चाक आत जातं. पृष्ठभाग डांबरी किंवा काँक्रीटचा एकसंध हवा. फुटपाथचे ब्लॉक पहिल्या दोन पावसाळ्यांत खचतात आणि मग सायकलवाला परत रस्त्यावर येतो. विजेचे खांब आणि डीपी (वीजवाटपाच्या पेट्या) मार्गाच्या मधोमध ठेवून चालत नाही, त्या हलवण्याचा खर्च सुरुवातीलाच धरायला हवा.

पुण्याचं उदाहरण डोळ्यांपुढं ठेवा. तिथं 2017 मध्ये 800 किलोमीटरहून मोठ्या जाळ्याचा सायकल आराखडा मंजूर झाला. कागद चांगला होता. पण बांधलेले बरेच तुकडे बस थांब्यापाशी किंवा चौकापाशी संपतात, म्हणजे जिथं गरज सर्वांत जास्त तिथंच. आपण छोटं करू, पण चौकातून पार नेऊ.

---

प्रेषक: रंकाळवेस, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार.

मी परत येऊन कायमचा इथं राहिलो तरी यादीतून नाव काढू नका म्हणालो होतो, ते बरं झालं. ताईचं पत्र दोनदा वाचलं. गल्लीच्या तोंडाचं तिनं सांगितलेलं इथं रोज बघतो. पण पोरांनो, तुम्ही नकाशावर बघताय, मी पायी बघतोय, त्यामुळं चार गोष्टी ऐका.

रंकाळ्याच्या काठाला हात लावायच्या आधी पहाटे फिरणाऱ्यांचं बघा. अख्खी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ तिथं चालायला येते. म्हातारी माणसं, गुडघे दुखणाऱ्या बायका, पळणारी पोरं. त्यांच्याच वाटेवर सायकली घातल्या तर पहिल्या महिन्यात भांडणं होणार आणि दोष सायकलवाल्याला लागणार. चालायची वाट वेगळी, सायकलची वेगळी, मध्ये झाडांची ओळ. संध्यामठाच्या बाजूला जागा कमी आहे, तिथं रस्त्यातूनच पट्टा काढावा लागेल. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात, त्यांना उठवून मार्ग करायचा असेल तर मी तुमच्यात नाही. त्यांना जागा आखून द्या, नकाशातच द्या. विसर्जनाच्या दिवशी इराणी खणीकडं जी गर्दी वळते, त्या दिवशी मार्ग बंद ठेवायचा, त्याला इलाज नाही.

दुसरं, हद्द. कळंब्याकडं जाताना महापालिकेची हद्द संपते आणि ग्रामपंचायत लागते. त्या पलीकडच्या 42 गावांसाठी 2017 पासून वेगळं नागरी विकास प्राधिकरण आहे. म्हणजे एका मार्गाला किमान तीन दारं वाजवायची. कुणाची गटार, कुणाचा दिवा, फांदी पडली तर कोण उचलणार, हे कागदावर आधी लिहून घ्या. मार्ग बांधणं सोपं आहे, झाडलोट कुणाची हे ठरवणं अवघड.

तिसरं जरा दुखतं, पण सांगतो. या शहरात रस्त्याचा मोठा प्रकल्प म्हटलं की लोकांना टोल आठवतो. सुमारे 50 किलोमीटर रस्ते झाले, 2013 ला टोल सुरू झाला, अख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरलं आणि 2015 च्या अखेरीला टोल हटला. त्या लढ्यात मीही होतो आणि मला त्याचा अभिमान आहे. त्यामुळं सायकल मार्गाचं नाव काढाल तेव्हा पहिल्या वाक्यात सांगा की पैसे कुणाचे आणि लोकांकडून काय घेणार. त्या रस्त्यांच्या कडेला जे फुटपाथ मिळाले, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी आज गाड्या लावलेल्या असतात. तुमच्या मार्गाचं तसं होऊ नये.

आणि पंचगंगेच्या घाटाकडं फाटा न्यायचा मोह होईल. न्या, पण तिथं राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका. 2019 आणि 2021 ला ते 55 फुटांच्या वर गेलं होतं. तिथं दिवे, यंत्रं, महागडे फलक काही लावू नका. नुसतं काँक्रीट करा, पूर ओसरला की गाळ धुऊन टाकायचा.

— काका

---

प्रेषक: खजिनदार

नमस्कार. फक्त पैशापुरतं लिहितो. मंडळाच्या खात्यातून भारतातल्या कुठल्याही संस्थेला मदत पाठवायची तर त्या संस्थेची 2010 च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच येते, आणि घेणारी संस्था ती पुढं दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. तेव्हा मार्गासाठी वर्गणी हा विचार आत्ता बाजूला ठेवू. वेळ, आखणी, मोजणी, कागद तयार करणं हे देऊ शकतो, आणि माझ्या मते त्याचीच जास्त गरज आहे.

---

प्रेषक: कसबा बावडा, सध्या रोचेस्टर

सगळ्यांचं वाचलं. मला एकच विचारायचं आहे आणि ते मनापासून विचारते आहे. हा मार्ग रविवारी महागड्या सायकली घेऊन पन्हाळ्याला जाणाऱ्यांसाठी आहे, की रोज सायकलीवर असणाऱ्यांसाठी? त्या पन्हाळेवाल्यांचं मला कौतुक आहे, पण ते हायवेवरही जाऊ शकतात. आठवीतली मुलगी क्लासहून सात वाजता परत येते, तिला दिवा हवा आणि मार्गावर माणसांची जाग हवी. तलावाकाठचा सुनसान पट्टा तिच्या घरचे तिला चालू देणार नाहीत. गवंडीकामाला जाणारा माणूस, डबे पोचवणारे, पेपर टाकणारी पोरं, हे आजच्या तारखेला सायकलीवर आहेत. मार्ग त्यांच्या शाळेवरून आणि कामावरून जातो का?

दुसरं, मोटारसायकली. कोल्हापुरात सायकलला जागा केली की तिथून मोटारसायकल जाणारच. ते कसं थांबवणार?

---

प्रेषक: शिवाजी पेठ, सध्या मिनिआपोलिस

वहिनी, तुमचा पहिला प्रश्न आल्यावर मी आखणी बदलली आहे. बागा आणि तलाव ही टोकं राहू देत, पण मधला मार्ग शाळा-कॉलेजांच्या दारावरूनच जाईल. म्हणून पहिला टप्पा रंकाळा ते कळंबा धरू. सरळ रेषेत ते चारेक किलोमीटर आहे, चढ फारसा नाही आणि दोन्ही बाजूंना भरपूर वस्ती आहे. कळंबा ते विद्यापीठ हा पट्टा देखणा आहे, पण पाचगावच्या बाजूला चढ लागतो. चढ 5 टक्क्यांच्या वर लांबवर गेला की साधा सायकलवाला उतरून चालतो. तो टप्पा दुसरा.

मोटारसायकलींचं खरं सांगायचं तर खांब लावून त्या थांबत नाहीत. सायकल ज्या फटीतून जाते त्यातून मोटारसायकलही जाते, आणि फट आणखी आवळली तर तीनचाकी सायकल आणि अपंगांची गाडी अडते. मोटारसायकलवाला मार्गावर चढतो तो मुख्य रस्ता तुंबला की. म्हणून चौकात त्याची कोंडी होऊ नये हे बघणं, मार्ग रस्त्यापेक्षा वेगळ्या उंचीवर ठेवणं आणि पहिले सहा महिने चौकांत सतत पोलीस असणं, एवढं तिन्ही एकदम करावं लागेल. एकट्यानं कुठलाच उपाय पुरत नाही. दिव्यांचं तुमचं म्हणणं मी मसुद्यात पहिल्याच पानावर घालते.

काका, चालायची आणि सायकलची वाट वेगळी, हे इथल्या तळ्यांभोवतीही तसंच आहे. तुमची भेळेच्या गाड्यांची अटही मान्य. आता मला तुमच्याकडून मोजणी हवी आहे. रंकाळा ते कळंबा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी दोन गोष्टी: शाळेच्या वेळेत तिथून किती गाड्या निघतात आणि किती सायकली आडव्या जातात. जोडीला झाडं, खांब, डीपी, गटाराची झाकणं कुठं आहेत त्याची खूण. पालिकेच्या टेबलावर फोटो ठेवले तर पाच मिनिटांत बाजूला पडतात. मोजणीचे आकडे ठेवले की अभियंत्याला त्यावर उत्तर द्यावं लागतं.

---

प्रेषक: रंकाळवेस, कोल्हापूर

ताई, मोजणी दिवाळीच्या सुट्टीनंतर करू. शाळा सुरू झालेल्या असतील आणि उसाचा हंगामही लागलेला असेल. ट्रॉल्या नसताना मोजलं तर रस्ता आहे त्यापेक्षा रिकामा दिसेल आणि आपलंच नुकसान होईल. माझ्याबरोबर फिरायला येणारे चारजण तयार आहेत, दोघं बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आहेत, त्यांना डीपी आणि गटार यातलं सगळं कळतं. कॉलेजची पोरं आणखी लागतील, त्यांना मी गोळा करतो.

तक्ता मराठीत पाठव आणि अक्षर मोठं ठेव. एका पानावर एकच गल्ली, खाली आमच्या शेऱ्यासाठी दोन ओळी मोकळ्या. चौपाटीवरच्या गाडीवाल्यांशी मी या शनिवारी बोलतो, ते काय म्हणतात ते रविवारी इथं लिहितो.