आधी इंजिन नको, रुंदी बघा

पोराची टीआरएक्स ९० (होंडाची लहान मुलांची चार चाकी एटीव्ही) मोटोक्रॉसला, म्हणजे उड्यांच्या कच्च्या ट्रॅकवर, वळणात एका बाजूच्या चाकांवर उचलते आणि जंपआधी दम कमी पडतो म्हणताय, आणि वर सगळे बिग बोअर (इंजिनचा सिलिंडर मोठा करणं) न् रेसिंगचा एक्झॉस्ट पाइप सुचवतायत, मला हे उलटं वाटतं. स्टॉक गाडी, म्हणजे कंपनीतून येते तशी, ट्रेलसाठी (साध्या कच्च्या वाटांसाठी) बनवलेली, अरुंद आणि उंच, मोटोक्रॉसला ती लोळणारच. पहिले पैसे पुढची चाकं धरणाऱ्या रुंद ए-आर्म्स आणि मागची चाकं जोडणाऱ्या रुंद रिअर अ‍ॅक्सलला घाला, मग शॉक अब्सॉर्बरला. शॉक घेताना पोराचं वजन हेल्मेट-बूटसकट सांगा, कारण मोठ्या माणसाच्या हिशोबाची स्प्रिंग असली की हलकं पोर बसून ती दबतच नाही आणि लँडिंगला मागचा भाग लाथ मारल्यासारखा उडतो. तरी उडत असेल तर शॉकचं रिबाउंड (दबलेली स्प्रिंग परत उघडण्याचा वेग) एकेक क्लिक स्लो करत जा, एकदम चार नको.

टायरमध्ये ५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते, पण गेज लो-प्रेशरवालाच घ्या, कारच्या गेजवर एवढं नीट कळत नाही.

जंपआधी दम कमी पडतो त्याला गिअरिंग बदला ना, पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात कमी म्हणजे मागे साधारण तीन वाढवल्यासारखं, स्वस्तात काम. बिग बोअर टाकायचंच असेल तर शर्यतीतल्या त्याच्या क्लासच्या सीसी लिमिटमध्ये (इंजिनच्या आकाराच्या मर्यादेत) बसतं का ते रूलबुकात आधी बघा. आणि टेदर किल स्विच (पोराला दोरीने जोडलेला, ते पडलं की इंजिन बंद करणारा) लावलाय ना?