पुराचा माल : हॉल फुल्ल, पुढे मात्र काहीच पोचत नाहीये

गोंधळलेला_स्वयंसेवक :
मंडळी अर्जंट आहे. मदतीचा माल आमच्या हॉलमध्ये उतरतोय, कपड्यांची बोचकी पार छताला टेकलीत, दारात अजून ट्रक उभे, आणि पलीकडच्या वस्त्यांतून फोनवर फोन की प्यायला पाणी नाही, लहान मुलांची औषधं नाहीत. औषधं आलीयेत हे नक्की, पण कुठल्या खोक्यात ते कुणालाच सांगता येईना. रस्ता पाण्याखाली आहे, शेवटचा टप्पा होडीनेच. सुरुवात कुठून करू?

जुना_स्टोअरकीपर :
आधी ते ट्रक उतरवणं थांबवा. न मागितलेला माल एकदा आत आला की जागा खातो, माणसं खातो आणि कामाचा माल त्याच्याखाली गाडला जातो. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये औषधांचं हेच झालं, कित्येक पाकिटांवरची भाषा तिथल्या लोकांना वाचता येईना, काहींची मुदत संपलेली, वर ती नष्ट करायचा खर्च वेगळाच. एका खोक्यात एकच वस्तू, बाहेरून दोन बाजूंना मार्करने नाव, नग, एक्स्पायरी. मिक्स खोका पुढे सोडायचाच नाही. औषधं फार्मासिस्टच्या ताब्यात द्या, आणि आधी आला तो नाही, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर. आणि हो, खोकी जमिनीला टेकवू नका, खाली पॅलेट नाहीतर फळ्या टाका, ओल धरते.

पाणीवाला :
बाटल्यांच्या नादी लागू नका राव. स्फिअरचा, म्हणजे मदतकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा, निकष माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, अगदी सुरुवातीला 7.5 वर भागवतात. हजार माणसं धरली तर 15 लिटरने रोजचे 15 टन झाले, होडीत कसे नेणार? क्लोरीनच्या गोळ्या आणि झाकणाचे कॅन पाठवा. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यायचं, गाळायचं, मग गोळी टाकून निदान अर्धा तास थांबायचं. हे समजावणारा माणूस त्याच होडीत पाठवा, नुसती पाकिटं वाटून आलात तर कुणीतरी गोळी गिळणार.

नोटा_वाटा :
एवढा खटाटोप कशाला, सरळ पैसे द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल.

जुना_स्टोअरकीपर :
बाजारच पाण्यात असेल तर नोटा घेऊन जायचं कुठे? पाणी ओसरून दुकानं उघडली की पैसेच बरे, तेव्हा मीही तेच म्हणेन.

होडीघाट :
रस्ता संपतो तिथे छोटा डेपो करा, सगळा माल हॉलमधून थेट होडीत नको. एका कुटुंबाचं किट एका माणसाला उचलता येईल एवढंच बांधा, नाहीतर चिखलात उतरवायला चार जण लागतात. जी वस्ती शेवटी, तिचा माल आधी भरा. चलन, म्हणजे माल दिल्याची पावती, दोन प्रतींत, घेणाऱ्याची सही आणि खाली ‘उद्या काय हवं’ ते त्याच्याकडूनच लिहून घ्या. तीच तुमची पुढची ऑर्डर, मग अंदाजाने काही पाठवायची गरजच नाही.

गोंधळलेला_स्वयंसेवक :
चलनाचं आजच चालू करतो. पण ट्रक थांबवले म्हणून देणारे भडकलेत, त्यांना काय सांगू?

होडीघाट :
हव्या-नकोची यादी तारीख टाकून ग्रुपवर टाका, नकोमध्ये कपडे सगळ्यात वर. हे ट्रक पूरभागाबाहेरच्या कोरड्या गोडाऊनला वळवा, पाणी उतरल्यावर बघू. भडकू देत.