मदत हवी आहे: संडास तपासणीच्या रिपोर्टवर 'ई. हिस्टोलिटिका' नक्की कधी लिहायचं?

नमस्कार मंडळी,

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून मी तालुक्याच्या गावी एका छोट्या लॅबमध्ये काम करते. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे संडास तपासणीचे नमुने एकदम वाढतात. ई. हिस्टोलिटिका, म्हणजे आमांश करणारा अमिबा 'एन्टामिबा हिस्टोलिटिका', रिपोर्टवर कधी लिहायचा हा माझा प्रश्न आहे. इथे मायक्रोबायोलॉजीतले डॉक्टर किंवा जुने टेक्निशियन असतील तर कृपया सविस्तर लिहा.

लॅबमध्ये साधा बायनॉक्युलर मायक्रोस्कोप आहे. सलाईन आणि आयोडिन अशा दोन स्लाइड लावतो. ट्रायक्रोम स्टेन नाही, एलायझा नाही, पीसीआर तर लांबच. सध्या दोन नमुन्यांवर अडले आहे.

पहिला नमुना शाळकरी मुलीचा. ताप, पोटात मुरडा, आव आणि रक्त. नमुना पहाटेचा आणि हातात आला साडेनऊच्या पुढे, कारण गावाहून एसटीने आणला. सलाईनमध्ये लाल पेशीच्या अडीच-तीन पट मोठ्या गोल पेशी दिसल्या, त्यातल्या दोन-तीन पेशींच्या पोटात लाल पेशीही होत्या. हालचाल मात्र अजिबात नाही. भोवती पस सेल्सचा (पूमधल्या पांढऱ्या पेशींचा) नुसता सडा. हे ट्रोफोझॉइट (अमिबाचं हालचाल करणारं रूप) समजायचे की मॅक्रोफेज (शरीराचीच, जंतू गिळणारी पेशी)?

दुसरा नमुना चाळिशीच्या शेतकऱ्याचा. कसलाच त्रास नाही, नोकरीच्या मेडिकलसाठी तपासणी होती. संडास बांधलेली. आयोडिनमध्ये गोल सिस्ट (अमिबाचं कवचातलं रूप), आत चारपर्यंत न्यूक्लियस (पेशीकेंद्र), प्रत्येकाच्या मधोमध बारीक ठिपका आणि कडेला नाजूक कडं. सलाईनमध्ये काहींच्या आत बोथट टोकांचे जाडसर दांडकेही दिसले. त्याच स्लाइडवर काही सिस्ट बऱ्याच मोठ्या होत्या. त्यांत फोकस वर-खाली केला की सात-आठ न्यूक्लियस मोजता येत होते, ठिपका एका बाजूला सरकलेला.

पुस्तकाप्रमाणे मोठ्या त्या एन्टामिबा कोलाय आणि छोट्या त्या हिस्टोलिटिका, इतकं कळतं. पण एन्टामिबा डिस्पारच्या सिस्ट दिसायला अगदी हिस्टोलिटिकासारख्याच असतात आणि तिच्याने आजार होत नाही, हेही त्याच पुस्तकात लिहिलंय. मग चार न्यूक्लियसची सिस्ट पाहून मी हिस्टोलिटिका कशाच्या आधारावर लिहू? डॉक्टरांना रिपोर्टवर 'ईएच सिस्ट सीन' (हिस्टोलिटिकाची सिस्ट दिसली) अशी एक ओळ हवी असते. ती ओळ गेली की मेट्रोनिडाझोलचा, म्हणजे अमिबावरच्या औषधाचा, कोर्स ठरलेला. तोंड कडू पडलेली, जेवण टाकलेली तीच ती लेकरं पुन्हा तपासणीला येतात तेव्हा जीव तुटतो. माझ्या एका ओळीवर त्यांचं औषध ठरतं, म्हणून ती ओळ पक्की हवी आहे.

प्रतिसाद १

ताई, मी मेडिकल कॉलेजमध्ये मायक्रोबायोलॉजी शिकवतो. तुम्ही इतकं नीट पाहून लिहिलंय की उत्तर देणं सोपं झालं.

आधी मुलीचा नमुना. पातळ किंवा आव-रक्ताच्या संडासात जिवंत ट्रोफोझॉइट पाहायचे तर अर्ध्या तासाच्या आत स्लाइड बघावी लागते. नंतर ते गोल होतात, हालचाल थांबते आणि मग मॅक्रोफेजपासून ओळखणं फार अवघड जातं. पोटात लाल पेशी आहेत एवढ्यावरून निर्णय करू नका, मॅक्रोफेजही लाल पेशी गिळतात. न्यूक्लियस शोधा. अमिबाचा न्यूक्लियस लहान, कडेला बारीक दाण्यांचं एकसारखं कडं आणि मधे ठिपका. मॅक्रोफेजचा न्यूक्लियस पेशीच्या मानाने मोठा, वेडावाकडा, कधी विरघळत आलेला. ताज्या नमुन्यातला अमिबा काचेसारखा स्वच्छ पाय पुढे टाकतो आणि एका दिशेने सरकत जातो, ते एकदा पाहिलं की शंका राहत नाही.

ताप आणि पस सेल्सचा सडा म्हटल्यावर मला आधी शिगेला (रक्ती आमांश करणारे जिवाणू) आठवतो. अमिबाच्या आमांशात लाल पेशी भरपूर, बहुतेकदा गठ्ठ्यांनी, पण शाबूत पस सेल्स कमी, कारण अमिबा त्यांचा नाश करतो. जोडीला टोकदार शार्को-लायडन क्रिस्टल दिसू शकतात. या मुलीच्या रिपोर्टवर पस सेल्स, लाल पेशी, मॅक्रोफेज जे दिसलं ते लिहा, कल्चर (जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी) सुचवा आणि ताजा नमुना लॅबमध्येच द्यायला सांगा. डॉक्टरांना फोनही करा, कारण उपचार वेगळे आहेत.

आता शेतकरी. तुमची ओळख बरोबर आहे. मोठ्या त्या कोलाय, त्यांना औषध लागत नाही. छोट्यांबद्दल मायक्रोस्कोपला जेवढं कळतं तेवढंच लिहायचं: 'एन्टामिबा हिस्टोलिटिका / डिस्पार सिस्ट'. डिस्पार वेगळी असल्याचं ब्रुम्प्टने १९२५ मध्येच मांडलं होतं, पण त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९३ मध्ये डायमंड आणि क्लार्क यांनी दोन्ही जाती रीतसर वेगळ्या केल्या आणि १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही रिपोर्ट असाच जोडनावाने द्यावा असं सांगितलं. तशीच दिसणारी एन्टामिबा मॉश्कोव्हस्की ही आणखी एक जातदेखील आहे, ती पुदुच्चेरीच्या रुग्णांमध्येही सापडलेली आहे. फक्त 'हिस्टोलिटिका' असं मायक्रोस्कोपवरून एकाच परिस्थितीत म्हणता येतं: लाल पेशी गिळलेला, नीट न्यूक्लियस दिसणारा ट्रोफोझॉइट असेल तेव्हा.

प्रतिसाद २

सरांशी सहमत. मी बरीच वर्षं सरकारी लॅबमध्ये काढली, कामाचं तेवढं सांगतो.

मॅडम, आयपीसमध्ये बसणारी मायक्रोमीटरची चकती आधी मागवा, फार महाग नसते. स्टेज मायक्रोमीटर जवळच्या कॉलेजकडून एका दिवसापुरता आणा आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळं कॅलिब्रेशन करून तक्ता भिंतीवर लावा. हिस्टोलिटिका किंवा डिस्पारची सिस्ट साधारण १२ ते १५ मायक्रॉन, कोलायची बहुतेक १५ ते २५. चार न्यूक्लियसची पण १० मायक्रॉनपेक्षा लहान सिस्ट दिसली तर ती एन्टामिबा हार्टमनी, निरुपद्रवी जात. ती हिस्टोलिटिका म्हणून सर्रास लिहिली जाते ती केवळ न मोजल्यामुळे. चकती येईपर्यंत स्लाइडवरच्या लाल पेशीशी ताडून बघा, ती सात-साडेसात मायक्रॉनची असते.

एन्डोलिमॅक्स नाना या दुसऱ्या अमिबालाही चार न्यूक्लियस असतात, पण कडं नसतं, नुसते ठळक ठिपके. आयोडामिबा या आणखी एका अमिबाला एकच न्यूक्लियस, आणि आयोडिनमध्ये ग्लायकोजनचा तपकिरी गोळा लगेच नजरेत भरतो. पस सेलचा तीन-चार तुकड्यांचा न्यूक्लियससुद्धा सिस्टसारखा भासतो. शंका आली की मिथिलीन ब्लूचा थेंब टाका, तुकडे जोडलेले दिसतील.

आणि आयोडिनच्या स्लाइडवर हालचाल शोधू नका, त्यात ट्रोफोझॉइट मरतात. दांडकी सलाईनमध्ये पाहायची, न्यूक्लियस आयोडिनमध्ये मोजायचे. एका नमुन्यात काही दिसलं नाही तरी दहा दिवसांत वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने मागवा.

धागाकर्ती

सर, दादा, दोघांचे मनापासून आभार. मुलीच्या डॉक्टरांना आजच फोन केला, त्यांनी कल्चरसाठी नमुना जिल्ह्याला पाठवायला सांगितलंय. जोडनावाने रिपोर्ट दिला तर डॉक्टर विचारणारच, 'मग औषध देऊ की नको?' त्यांना काय सांगू? आणि अँटिजेनचं (जंतूचे घटक ओळखणारं) किट घेतलं तर दोन जाती वेगळ्या कळतील का?

प्रतिसाद ३ (प्रतिसाद १ वाले)

औषधाचा निर्णय त्यांचाच, पण रिपोर्टखाली एक ओळ छापून घ्या: 'मायक्रोस्कोपीने या दोन जाती वेगळ्या करता येत नाहीत, लक्षणांशी जुळवून पाहावे, गरज वाटल्यास अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी करावी.' डिस्पारला उपचार लागत नाहीत. हिस्टोलिटिका सिद्ध झाली तर त्रास नसला तरी आतड्यातल्या सिस्टवरचं औषध, म्हणजे डायलोक्सानाइड किंवा पॅरोमोमायसिन, द्यावं लागतं. एकट्या मेट्रोनिडाझोलवर सिस्टच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही, हे डॉक्टरांशी बोलताना आवर्जून सांगा.

किट घेताना आतलं पत्रक वाचूनच घ्या. काही किट फक्त हिस्टोलिटिका ओळखतात, काही दोन्ही जातींना पॉझिटिव्ह येतात. दुसऱ्या प्रकारचं घेतलंत तर तुमचा प्रश्न आहे तिथेच राहील. नमुना ताजा किंवा गोठवलेला लागतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला अशा बहुतेक किटना चालत नाही, तेव्हा शेतकऱ्याचा नवा नमुना घेऊनच जिल्ह्याला पाठवा.