मॅनेजर पायजे का कोच?

सोसायटी ग्रुप (फक्त सोसायटीच्या कामासाठी)

८.४२ बबलू, ए-३: आज फुटबॉलला आपली पेठेची टीम ८० मिनिटापर्यंत २-१ नं पुढं. शिट्टी वाजली तवा २-३. आता तरी कोच बदलणार का? आण्णा, तुमालाच इचारतोय.

८.४३ ओंकार, बी-५: शेवटच्या १० मिनिटांत घालवायची ही पहिली वेळ न्हाई.

८.४५ जोशी काकू, ए-१: कोणाला बदलायचं ते बदला. गेटसमोर ११ गाड्या आडव्या लावल्यात त्या आधी हलवा. उद्या अॅम्ब्युलन्स आली तर उचलून आत घेणार का?

८.४७ आण्णा, डी-१: बबलू, टीमची कमिटी बघतीया. रविवारी ११ ला हॉलमध्ये बैठक हाय. नवीन मॅनेजर तिथंच ठरंल. ग्रुपवर उणीदुणी काढू नका.

८.४८ सेक्रेटरी: हॉलचे ५०० रुपये आधी. मागच्या बैठकीचेही बाकी आहेत 🙏

८.४८ आण्णा, डी-१: देतो की. पेठ सोडून पळालोय का?

८.५१ देसाई काका, सी-२: सर्वांना नमस्कार. नाव ठरवण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. १) ११ खेळाडू कोण निवडणार. २) मुदत किती. ३) मधेच काढल्यास काय द्यायचे. मँचेस्टर युनायटेडने २०१३ साली मॅनेजर डेव्हिड मॉयसला ६ वर्षांचा करार दिला आणि एप्रिल २०१४ मध्ये काढले. त्यांच्याकडे कागद होता, पैसाही होता. आपल्याकडे दोन्ही नाही.

८.५३ सूरज, बी-७: काकांचा पहिला मुद्दा बरोबर. आण्णा, तुम्ही मॅनेजर म्हणताय का कोच? आपल्याकडं मॅनेजर म्हणजे ओळखपत्रं, जर्सीची बॅग, बर्फ आणि रेफरीला द्यायची यादी. इंग्लंडात मॅनेजर म्हणजे जो संघ निवडतो तो. रविवारी नक्की कोण ठरवायचाय?

८.५४ आण्णा, डी-१: दोन्ही एकच की.

८.५४ सूरज, बी-७: तिथंच घोळ हाय.

८.५५ बबलू, ए-३: बॅग उचलायला मी हाय. कोच बदला.

८.५९ सूरज, बी-७: आजचे शेवटचे दोन गोल बघा. त्यांचा दुसरा गोल: दोन्ही साईड बॅक, म्हणजे कडेचे बचावाचे, वर गेलेले आणि माघारी आलेच न्हाईत. मागं दोन स्टॉपर (मधले बचाववाले) आणि एक हाफ (मधल्या फळीतला). हाफ बॉलकडं ओढला गेला, डीच्या, म्हणजे पेनल्टीच्या चौकोनाच्या, तोंडावर १५ यार्ड मोकळं. तिसरा कॉर्नरवर. सगळे माणूस धरून उभे, नीअर पोस्टला (जवळच्या खांबाला) कोणीच न्हाई. त्यांच्या दोघांनी आपल्या स्टॉपरला वाटेत अडवलं आणि त्यांचा उंच पोरगा ६ यार्डात एकटा. त्याच्या जागी आण्णा असते तरी हेड घातला असता.

८.५९ ओंकार, बी-५: 😂😂

९.०० आण्णा, डी-१: माझ्या उंचीवर येऊ नका.

९.०३ सूरज, बी-७: माफ करा आण्णा. कॉर्नरला साधी मांडणी अशी: तिघं ६ यार्डाच्या रेषेवर जागा धरून, नीअर पोस्ट, मध्ये, फार पोस्ट (लांबचा खांब). पाच जण माणूस धरून. एक डीच्या टोकाला, बाहेर पडलेल्या बॉलसाठी. एक वर, म्हणजे त्यांचे दोघं तरी मागं अडकतात. हे दोन संध्याकाळी २०-२० कॉर्नर मारून घेतलं की बसतं. ह्या हंगामात एकदाही घेतलेलं न्हाई. आत्ताच्या कोचची एवढी चूक मानतो.

९.०४ बबलू, ए-३: एवढीच???

९.०६ मोरे मॅडम, सी-४: दमछाकीचं काय? ७० मिनिटांनंतर आपली पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहतात. रोज सकाळी रंकाळ्याला सावकाश पळून ती जाणार नाही. मॅचमध्ये पळणं तुकड्या-तुकड्यांत असतं: जोरात, थांब, वळ, परत जोरात. सराव तसाच हवा. ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, अशा ४ फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. किंवा ४० बाय ३० मीटरच्या चौकोनात ४ विरुद्ध ४, बॉल घेऊनच. पोरं कंटाळतही नाहीत. मॅचच्या आदल्या दोन दिवसांत मात्र यातलं काही नको.

९.०७ मोरे मॅडम, सी-४: आणि वॉर्म-अप म्हणजे दोन फेऱ्या आणि गोलवर शॉट नव्हे. फिफाचा '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप २० मिनिटांचा आहे: ८ मिनिटं पळणं, १० मिनिटं ताकद आणि तोल, २ मिनिटं वेगाने पळणं. मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम त्यातच येतो. तो चुकवला की स्नायू ओढला जातो आणि पोरगं तीन आठवडे घरी.

९.०८ जोशी काकू, ए-१: ११ गाड्या अजून तिथंच आहेत.

९.०९ ओंकार, बी-५: काकू, ९ झाल्या. दोन मी हलवल्या.

९.१२ आण्णा, डी-१: मॅडम बरोबर बोलल्या. पण उन्हात दुपारच्या मॅचला कोण टिकणार?

९.१५ मोरे मॅडम, सी-४: समोरच्या संघालाही तेच ऊन असतं ना? मॅचच्या आधी आणि नंतर वजन करा. १ किलो कमी म्हणजे साधारण १ लिटर पाणी गेलं. ६५ किलोच्या पोराचं १.३ किलोच्या पुढं घटलं तर पाय आणि डोकं दोन्ही मंदावतात. आदल्या दोन तासांत अर्धा लिटर, हाफटाईमला ओआरएस. हाफटाईमला सोडा वॉटर देणारा जो कोणी आहे त्याने ते बंद करावं.

९.१६ बबलू, ए-३: ते कमिटीकडनं येतंय.

९.१६ आण्णा, डी-१: प्रेमानं देतो आम्ही.

९.१८ देसाई काका, सी-२: माझा मुद्दा मागे पडला म्हणून पुन्हा. १) ११ कोण निवडणार. २) मुदत. ३) मधेच काढल्यास काय.

९.२१ बबलू, ए-३: नावं सांगा आण्णा. आम्हाला तीन कळल्यात. पुण्याचा, कोचिंगचं बी लायसनवाला, आपला जुना सेंटर फॉरवर्ड, आणि आत्ताचा असिस्टंट.

९.२२ आण्णा, डी-१: ग्रुपवर नावं घ्यायची न्हाईत. आणि बाहेरचा कशाला? त्याला पेठ काय कळणार?

९.२५ सूरज, बी-७: कोच खालिद जमीलला तरी मिझोरामचं ऐझॉल कुठं माहीत होतं? बरीच वर्षं मुंबई एफसीला होता. ऐझॉल २०१५-१६ ला आय-लीग ह्या देशाच्या लीगमधनं खाली गेलेला संघ, परत घेतला म्हणून राहिला. पुढच्याच हंगामात, २०१६-१७ ला, चॅम्पियन. पैसा न्हाई, मोठी नावं न्हाईत. मागं घट्ट, बॉल मिळाला की थेट पुढं. २०२५ च्या ऑगस्टला तो भारताचा कोच झाला.

९.२६ आण्णा, डी-१: ऐझॉलचं सांगू नका. कोल्हापूरचं बोला.

९.२७ ओंकार, बी-५: कोल्हापूरचंच घ्या. अनिकेत जाधव २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला. पुण्यात जाऊन घडला तो. तवा कोणी म्हणालं का, पेठेबाहेर का गेला?

९.२८ आण्णा, डी-१: तू मँचेस्टरची जर्सी घालून पेठेचं शिकवू नको.

९.३० ओंकार, बी-५: तिथलंच ऐका मग. मँचेस्टर युनायटेडला अमोरिम हा कोच नोव्हेंबर २०२४ ला, हंगामाच्या मधे आला. त्याचं ३-४-३ (मागं ३, मध्ये ४, पुढं ३) ठरलेलं, खेळाडू घेतलेले दुसऱ्याच पद्धतीसाठी. कडेनं वर-खाली पळणारे विंगबॅक न्हाईत, मध्ये दोघंच. २०२४-२५ ला १५वा नंबर, ४२ गुण.

९.३१ बबलू, ए-३: आणि १७व्या नंबरच्या टॉटनहॅमकडनं युरोपा लीगची फायनल पण घालवली. ते सांग की.

९.३१ ओंकार, बी-५: गप बस.

९.३४ सूरज, बी-७: भांडू नका, मुद्दा कामाचा हाय. आपली नोंदणी झालीय, पोरं हीच राहणार. डाव्या पायाचा एकच. म्हणून येणाऱ्याला पहिला प्रश्न: 'ह्या पोरांतनं तुमचे ११ कोण, आणि डावीकडं कोण?' जो यादी न बघता 'मी ४-३-३ खेळवतो' म्हणतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

९.३५ बबलू, ए-३: चहाचे पैसे पण कमिटीकडनं का गणपतीच्या शिल्लकीतनं?

९.३६ आण्णा, डी-१: बबलू, जर्सीचा हिशोब दिलाय. परत परत काढू नको.

९.३६ सेक्रेटरी: हिशोब मला आलेला नाही. असो.

९.३७ आण्णा, डी-१: असो काय? स्पष्ट बोला.

९.३८ सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे 🙏

९.४३ सूरज, बी-७: लायसनचं समजून घ्या. क्रम असा: डी, मग सी, बी, ए आणि वर प्रो. बी असला म्हणजे आठवड्याचा सराव आखायला, त्यातली चूक मैदानावर थांबवून दाखवायला शिकलेला असतो. पोरं त्याचं ऐकतील का, हे कागद सांगत न्हाई. जुन्या सेंटर फॉरवर्डचं पोरं ऐकतील, पण बचावफळी कशी उभी करायची हे त्यानं कधी शिकवलंय का? म्हणून तिघांनाही एकेक संध्याकाळ द्या. तीच १८ पोरं, ७५ मिनिटं, विषय एकच: पुढं असताना शेवटची १५ मिनिटं कशी काढायची.

९.४५ सूरज, बी-७: आणि हे बघा. सरावात उभं राहून थांबणारी पोरं किती? रांगेत आठ जण आणि बॉल एक, म्हणजे वाया. किती वेळा थांबवतो, आणि थांबवून सांगतो का नुस्ता ओरडतो? चुकलेली गोष्ट परत करून घेतो का? गोलकीपर बाजूला एकटा भिंतीवर बॉल मारत बसतो का? शेवटी दोन पोरांना बाजूला घेऊन विचारा, 'आज काय शिकला?' दोघांनी एकच उत्तर दिलं तर तो कोच.

९.४६ मोरे मॅडम, सी-४: शेवटचं एकदम पटलं.

९.४८ आण्णा, डी-१: गोलकीपरचं बरं काढलं. तो लई वेळ बॉल धरून बसतोय.

९.५१ सूरज, बी-७: त्याला नियम सांगितलेलाच न्हाई. जुलै २०२५ पासून हातात ८ सेकंदांच्या वर धरला की समोरच्याला कॉर्नर. रेफरी शेवटची ५ सेकंदं हात वर करून मोजतो. आधी ६ सेकंद आणि इनडायरेक्ट फ्री किक होती, कोणी द्यायचं न्हाई. आणि कॉर्नरला आपली काय दशा होते ते वर लिहिलंय. तसंच गोलकिक. २०१९ पासून बॉल डीच्या बाहेर जायची गरज न्हाई, म्हणून बघून-बघून आपण छोटी गोलकिक घेतो. स्टॉपरला पाठीमागं वळता येत न्हाई तर कशाला? जमत न्हाई तोवर लांब मारा आणि तिथनं सुटणाऱ्या दुसऱ्या बॉलला तिघं जवळ ठेवा.

९.५२ बबलू, ए-३: हे सगळं सूरजलाच करू द्या की मग.

९.५२ सूरज, बी-७: माझं नाव घालू नका.

९.५४ ओंकार, बी-५: असिस्टंटला हंगाम संपेपर्यंत ठेवला तर? पोरं ओळखतो, पैसे कमी.

९.५८ देसाई काका, सी-२: ठेवा, पण तारीख लिहून. मँचेस्टर युनायटेडलाच सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये तात्पुरता मॅनेजर म्हणून आला, १९ पैकी १४ सामने जिंकला. मार्च २०१९ मध्ये भारावून ३ वर्षे दिली. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डला १-४ हरल्यावर काढला. कोच आपण नेहमी संघ तळाला असतानाच बदलतो. तिथून काही न करताही संघ थोडा वर येतोच, आणि बाकावरची मुले नव्या माणसासमोर जीव तोडून खेळतात. पहिल्या दोन विजयांवर करार करू नये. सहा-सात सामने बघावेत. आणि पुन्हा: १) ११ कोण निवडणार?

९.५९ बबलू, ए-३: काका, पाठ झालं.

१०.०० देसाई काका, सी-२: तुम्हाला झाले. ज्यांना व्हायला हवे त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही.

१०.०४ बबलू, ए-३: आज पहिला बदल ८३ व्या मिनिटाला केला. राईट बॅक ६५ पासून लंगडत होता. कोचनं का थांबवलं ते सगळ्यांना माहितीय. पोरगा कोणाचा हाय ते पण.

१०.०५ _आण्णा, डी-१ यांनी हा संदेश काढून टाकला._

१०.०६ ओंकार, बी-५: वाचला मी 😶

१०.०८ मोरे मॅडम, सी-४: कोणाचा मुलगा ते राहू द्या. बदल आधी ठरवून ठेवायचे असतात. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आयएफएबीच्या नियमात ५ बदल, पण खेळ थांबवायच्या संधी ३, हाफटाईम वेगळा. आपल्या स्पर्धेत किती ते मॅचआधी बघून घ्या. पुढं असाल तर ६० ते ६५ ला दमलेला साईड बॅक, ७५ ला मधली फळी, शेवटचा राखून. एकेक करत संधी संपवल्या तर ८५ ला कोणी पडलं की १० जणांवर खेळावं लागतं.

१०.१२ आण्णा, डी-१: बरं. ऐकलं सगळ्यांचं. तिघांना बुधवार, गुरुवार, शुक्रवार बोलावतो. एकेक संध्याकाळ. सूरज, तू आणि मॅडम बघायला या. कागद देसाई काकांनी करावा. हंगाम संपेपर्यंतची मुदत, मधे काढला तर एक महिन्याचं मानधन.

१०.१३ सूरज, बी-७: येतो. पोरांना वेळेत पाठवा, १८ म्हणजे १८.

१०.१३ देसाई काका, सी-२: आभारी आहे. आणि पहिला मुद्दा?

१०.१५ आण्णा, डी-१: ११ कोचच निवडणार. कमिटी मैदानावर यादी पाठवणार न्हाई. लिहा तसं.

१०.१५ बबलू, ए-३: आण्णा 🙏🙏 नाद खुळा

१०.१७ आण्णा, डी-१: फक्त राईट बॅक तेवढा आमाला इचारून.

१०.१८ देसाई काका, सी-२: १) ११ कोण निवडणार.

१०.१९ सेक्रेटरी: ५०० मिळाले. मागचे ५०० बाकी.

१०.२१ जोशी काकू, ए-१: पांढरी अॅक्टिवा आणि बुलेट अजून गेटसमोर आहे. बुलेट डी-१ ची आहे.