शब्दचर्चा: 'प्रिव्हेन्टिव्ह' हल्ल्याला मराठीत काय म्हणता?

गोदाकाठ (नांदेड): कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे. विषय: अण्वस्त्रं तयार होण्याआधीच रोखायला लष्करी बळ वापरणं समर्थनीय आहे का. सोबतचं टिपण मराठीत करतोय. प्रीएम्प्टिव्ह म्हणजे शत्रू चालून यायच्या बेतात असताना केलेला हल्ला. ५ जून १९६७ ला इजिप्तचं सैन्य सिनाईत येऊन उभं होतं, इस्रायलनं त्यांचे विमानतळ फोडले. प्रिव्हेन्टिव्हमध्ये धोका अजून लांब असतो. ७ जून १९८१ ला इस्रायलनं बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उडवली, ती सुरूसुद्धा झाली नव्हती. मी दोन्हीला 'प्रतिबंधात्मक' लिहिलं, सरांनी लाल रेघ मारली.

काळी_माती: रेघ बरोबर हाय. प्रतिबंधात्मक फवारणी कीड दिसायच्या आत करतात. म्हणजे तो शब्द दुसऱ्याचा. पहिल्याला 'आगाऊ हल्ला' म्हणा.

बीडकर: आगाऊ हल्ला! वात्रट पोरानं केलेला का?

जुना वकील: पेशबंदी. निजामाच्या अमदानीत कोर्टाची भाषा उर्दू, वडिलांच्या तोंडी कायम असायचा. समोरच्यानं दावा लावायच्या आत आपण हालचाल केली की पेशबंदी.

लातूरची ताई: फारसी कशाला उचलायची? 'पूर्वप्रहार' आणि 'निवारक युद्ध'. स्वच्छ मराठी.

जुना वकील: ताई, मग 'वकील', 'दावा', 'कायदा' पण काढा. आमचा धंदाच बसेल.

काळी_माती: शब्द कुठला का असंना, 'निवारक' म्हणलं की निकाल आधीच लागला. निवारलं काय? ओसिराक गेली, सद्दामनं बॉम्बचं काम गुपचूप वाढवलं, १९९१ च्या युद्धानंतर तपासनिसांच्या हाती लागलं. सुरक्षा परिषदेनं ठराव ४८७ नं त्या हल्ल्याचा एकमतानं निषेध केला होता, अमेरिकेचं मतसुद्धा त्यातच. आमच्या चुलत्याला गणपतीच्या आधी प्रतिबंधात्मक कारवाईची नोटीस आलती, केलं काहीच नव्हतं. पण त्याला निदान म्हणणं मांडायला तारीख तरी मिळाली.

बीडकर: आणि सीरियाचं काय? २००७ ला इस्रायलनं तिथली देर-एझ-झोरची अणुभट्टी पाडली. पुढं तो मुलूख इसिसनं घेतला. भट्टी तशीच उभी पाहिजे होती का? निषेधाचा ठराव वाचून दाखवला असता त्यांना.

काळी_माती: एक बरोबर निघालं म्हणून परवाना मिळत नसतो, भाऊ.

लातूरची ताई: राजकारण नको, शब्दावर या.

जुना वकील: शब्दावरच आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं इराणच्या फोर्डो, नतांझ, इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, त्याला 'कारवाई' म्हणणारेही होतेच. सगळ्यात लबाड शब्द तो. आपल्याला नवा नाही म्हणा. सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून रणगाडे नळदुर्गात शिरले, नाव मात्र पोलीस ॲक्शन!

लातूरची ताई: ती तुलना अजिबात नको. रझाकारांपासून सुटका झाली आपली.

जुना वकील: सुटका झालीच. मी नावाचं बोलतोय, कामाचं नाही.

गोदाकाठ: मग दोन शब्द कोणते लिहू?

बीडकर: आमची आजी 'पुलिसाक्शन' असा एकच शब्द म्हणायची आणि गावातल्या सगळ्यांची वयं त्यावरून सांगायची. परभणी-हिंगोलीकडं कसं म्हणतात?